उन्हावर चालणारा पडदा

मिससमोर एलसीडीबद्दल वाईट बोललेलं चालत नसे. सरकारबद्दल बोला, फादरच्या लांबलेल्या प्रवचनाबद्दल बोला, त्यांच्या स्वतःच्या हातच्या मटणाबद्दल बोला, त्या सगळं ऐकून घेत. पण कुणी म्हणालं, ‘आता एलसीडीचे दिवस संपले,’ की हातातलं काम खाली ठेवून त्या विचारत, ‘कुणी सांगितलं?’

आणि ते सांगणं हाच तर माझा धंदा होता.

मी कणकवलीची. लोअर परळच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून मुंबईत आले. कंपनी बाहेरून पडदे मागवून विकायची. टीव्ही, कॉम्प्युटरचे मॉनिटर, दुकानांत जाहिराती दाखवणारे मोठे फलक. आलेल्या नव्या मालाची तोंड भरून स्तुती लिहायची, हे माझं काम. ‘जुन्या एलसीडीला निरोप द्या’ असं मी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही लिहिलं असतं. राहायला जागा मिळाली ती ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत, मिसच्या लाकडी घराच्या वरच्या खोलीत.

मिस मूळ मुंबईच्याच, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. दादरच्या एका शाळेत वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. अख्खी वाडी त्यांना मिस म्हणायची. त्यांची सख्खी भाची रीटासुद्धा मिसच म्हणायची, कारण ती त्यांच्याच वर्गात होती आणि एकदा चुकून ‘आंटी’ म्हणाली म्हणून तासभर वर्गाबाहेर उभी राहिली होती.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘काम काय करतेस?’

‘पडदे विकते, मिस.’

‘खिडक्यांचे?’

‘नाही, टीव्हीचे, कॉम्प्युटरचे.’

त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘लॅपटॉप आहे? उघड बघू.’

मी उघडला. त्यांनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि पडद्यासमोर पंख्यासारखी जोरजोरात हलवली. मला वाटलं, बाईंना काहीतरी होतंय. त्या म्हणाल्या, ‘बघ. पेन्सिल एक दिसते की दहा?’ खरंच, हलणाऱ्या पेन्सिलीच्या जागी पंख्याच्या पात्यांसारख्या वेगवेगळ्या पेन्सिली दिसत होत्या. ‘म्हणजे तुझा दिवा सारखा चालू-बंद होतोय. डोळ्यांना कळत नाही, डोक्याला कळतं. संध्याकाळी डोकं दुखतं ना तुझं?’

दुखायचं. रोज दुखायचं. मी मान हलवली तशी खोली माझी झाली.

ती पेन्सिल मी नंतर कुठे कुठे हललेली पाहिली! बँकेच्या काउंटरवर, पलीकडे बसलेल्या माणसाच्या मॉनिटरसमोर हात घालून. पोस्टात. दवाखान्यात नंबर दाखवणाऱ्या फलकासमोर. दादरच्या एका मोबाइलच्या दुकानात त्या शिरल्या की सेल्समन मुलं एकमेकांना ढोसायची. त्या एकेक फोन उचलायच्या, पेन्सिल हलवायच्या आणि परत ठेवायच्या. ‘मिस, घ्यायचा आहे का?’ असं एकाने विचारलं, तर म्हणाल्या, ‘आजारी माणूस कोण घरी नेतं?’ एवढं बोलून त्याच मुलाला पेन्सिल देऊन त्याच्याकडूनही हलवून घेतली. पुढे तो मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकांना पेन्सिल हलवून दाखवायला लागला आणि मालकाने त्याला हेडफोनच्या कपाटाकडे पाठवलं.

एलसीडीवर त्यांचं एवढं प्रेम का, ते मला रीटाने सांगितलं. शाळेत त्यांनी लिक्विड क्रिस्टल कसं काम करतं ते फळ्यावर शिकवलंच नव्हतं. अख्खा वर्ग जिन्यात उभा केला होता, प्रत्येक पायरीवर एक मुलगी. पहिली सरळ, दुसरी किंचित कललेली, तिसरी आणखी थोडी, अशी शेवटची मुलगी पूर्ण आडवी. वरून मिसनी लांब पट्टी उभी धरून दिली. प्रत्येकीने ती आपल्या अंगाच्या कलाने धरून पुढच्या मुलीकडे द्यायची. खाली पोचेपर्यंत पट्टी आडवी झाली. जिन्याच्या तळाशी आडव्या गजांचं लोखंडी दार होतं, त्यातून आडवी पट्टी अलगद बाहेर गेली. ‘उजेड!’ मिस वरून ओरडल्या. मग त्यांनी शिट्टी फुंकली. शिट्टी म्हणजे वीज. शिट्टी वाजली की सगळ्यांनी सरळ व्हायचं. आता पट्टी वरून खालपर्यंत उभीच आली आणि गजांवर आपटून अडकली. ‘अंधार!’ मिस ओरडल्या. तेवढ्यात दाराबाहेर मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. ‘इथे काय चाललंय?’ त्यांनी विचारलं. मिस म्हणाल्या, ‘टीव्ही चाललाय.’

‘मला आजही येतं ते,’ रीटा म्हणाली. ‘बाकी फिजिक्स सगळं विसरले.’

मी आले तेव्हा मिस एका मोठ्या कामात बुडालेल्या होत्या. त्यांच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडच्या बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या वेळी म्हणायची, नवरीला हळद लावताना म्हणायची, व्याह्यांची खोडी काढायची अशी खूप गाणी होती. आता लग्नात डीजे लागतो. गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका एकेक करत गेल्या. उरलेल्या दोन-चारजणींकडे जाऊन मिसनी ती फोनवर उतरवून घेतली होती. कुणी माझगावला, कुणी वडाळ्याला, फिलू मावशी तर वाडीतच. गंमत अशी की चाल सगळ्यांना एकच ठाऊक होती, पण शब्द प्रत्येकीचे वेगळे. एकीला पहिली कडवी येत, दुसरीला मधली. मिस ऐकून ऐकून ती जुळवत, शब्द टाइप करत, खाली स्वरलेखन करत. रीटाचं लग्न ठरलं होतं. त्या लग्नात डीजेच्या आधी ही गाणी झालीच पाहिजेत, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं डोकं फुटायला लागलं. पडद्यासमोर थोडा वेळ बसल्या की डोळ्यांपुढे झिगझॅग रेषा, मग उलट्या, मग दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. शिवाजी पार्कला त्यांचे जुने डोळ्यांचे डॉक्टर होते. मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ‘डोळे उत्तम आहेत. मायग्रेन आहे. पडद्यासमोर बसणं बंद.’

‘किती दिवस?’

‘बंद म्हणजे बंद, मिस.’

घरी आल्यावर म्हणाल्या, ‘गाणी हातांनी लिहीन.’ पण कडवी सतत मागेपुढे करावी लागत होती. कागदावर खोडाखोड होऊन त्यांचं त्यांनाच वाचता येईना. एका दुपारी मी खाली आले तर त्या टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. फोनमधून कुठल्याशा म्हातारीचा चिरका आवाज येत होता आणि तो त्या बंदही करत नव्हत्या. त्यांना तशा पाहायची मला सवय नव्हती.

मी मनाशी ठरवलं, आपल्या ऑफिसात सगळ्या जगाचे पडदे येतात, त्यातला एक मिसना चालेल. तोंडाने मात्र चिडवल्यासारखं बोलले. ‘मिस, तुमचा एलसीडीच तुम्हाला छळतोय. आता तरी नवीन वापरून बघा.’

‘आण,’ त्या म्हणाल्या. ‘मी कुठे नाही म्हणते?’

पहिला आणला ओएलईडी. यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. काळा रंग पाहून मिस खरोखर थक्क झाल्या. ‘हा काळा आहे. आजवर आपण राखाडीलाच काळा म्हणत होतो.’ मग पेन्सिल हलवली. दहा पेन्सिली. तरी खोलीतला दिवा लावून, पडद्याचा उजेड वाढवून त्यांनी जमेल तसा तो वापरला. ऑफिसने जुना डेमो पीस म्हणून तो आमच्याकडेच राहू दिला होता. स्वरलेखनाच्या पाच रेघा दिवसेंदिवस एकाच जागी राहिल्या. गणपती येऊन गेले तोवर त्या पाच रेघा पडद्यात मुरल्या. दुसरं काहीही लावलं तरी मागे त्यांची फिकट सावली. मी तो परत नेला तेव्हा साहेबांनी मला विचारलं, ‘ह्याच्यावर तू काय शिकत होतीस, व्हायोलिन?’

दुसरा आणला ई-पेपर. कागदासारखा, लखलख अजिबात नाही. मिसच्या डोक्याला तो मानवला, दोन दिवस आम्ही आनंदात होतो. पण कडवं वर सरकवलं की आधीचं कडवं पुसट दिसत राही आणि टाइप केलेलं अक्षर दमून आल्यासारखं उगवे. ‘गुणी आहे बिचारा,’ मिस म्हणाल्या. ‘पण माझ्या आधी तो म्हातारा झालाय.’

तिसरा होता मायक्रोएलईडी. तो घरी आणणं शक्यच नव्हतं, म्हणून मिसनाच मी ऑफिसात नेलं. सगळ्यात नवीन, सगळ्यात झगझगीत, अख्खी भिंत व्यापणारा. आमचे साहेब स्वतः माहिती सांगायला आले. मिसनी सगळं नीट ऐकलं. मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, ‘सुंदर आहे. आमच्या वाडीत हा लावायचा तर आधी माझं घर पाडावं लागेल.’

मी हरले. मिस म्हणाल्या, ‘सगळे चांगले आहेत गं. पण मला लागतो तो यांच्यात नाही.’

मग माझा स्वतःचा मॉनिटर बंद पडला. साधा, जुना एलसीडी. बटण दाबलं की हिरवा ठिपका लागायचा, पडदा मात्र काळाठार. भंगारवाल्याला द्यायला मी तो जिन्यावरून खाली आणला. मिस चहा पीत होत्या. म्हणाल्या, ‘थांब. लॅपटॉपला लाव.’ लावला. त्यांनी टॉर्च आणून पडद्यावर अगदी जवळून मारला. त्या उजेडात माझ्या लॅपटॉपवरचं चित्र फिकट, पण स्पष्ट दिसलं.

‘मेलेला नाही,’ मिस हळूच म्हणाल्या. ‘फक्त दिवा गेलाय.’

मग त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीच घाबरले.

‘अगं! दिवाच तर नको आहे मला!’

स्क्रूड्रायव्हर, चिमटा, जुना टूथब्रश असं सगळं जेवणाच्या टेबलावर आलं. एलसीडी म्हणजे मागे दिवा, मध्ये बारीक झडपा आणि पुढे आपण. मिसनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं, दिव्याच्या पट्ट्या काढल्या, पांढरे कागद काढले. नाजूक वायरी त्यांनी फडक्यात गुंडाळून बाजूला बांधल्या. उरली एक पातळ काच. ती त्यांनी खिडकीच्या चौकटीत उभी केली, मागे बटरपेपर लावला आणि लॅपटॉप जोडला.

पूर्वेची खिडकी होती. सकाळचं ऊन मागून आलं आणि काचेवर फिलू मावशींचं गाणं उमटलं. काळी कुळकुळीत अक्षरं, मागे दुधासारखा पांढरा उजेड. मिसनी केसांतली पेन्सिल काढली. माझ्याकडे पाहिलं. हलवली.

एकच पेन्सिल. धूसर, अखंड, एकच.

‘सूर्य चालू-बंद होत नाही,’ मिस म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. मी त्यांना मिठी मारली. मिसना मिठी मारणारी वाडीतली मी पहिलीच असेन. त्यांनी मला ढकलून दिलं आणि म्हणाल्या, ‘सरक बाजूला, ऊन जायच्या आत मला एक कडवं संपवू दे.’

त्या दिवसापासून त्यांची दिनचर्या उन्हाने ठरली. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी स्वयंपाकघराच्या. वाडीतली माणसं जाता-येता बाहेरून बघायची, तर खिडकीत गाणं उलटं दिसायचं. डोकं एकदाही दुखलं नाही. गाणी पुरी झाली. डॉक्टरांना मिसनी पेढे नेले आणि सांगितलं, ‘तुम्ही म्हणालात तसं दिव्यासमोर बसणं बंद केलं.’

एका संध्याकाळी मी विचारलं, ‘मिस, खरं सांगा. एलसीडी जाणार की नाही?’

‘जाईल ना,’ त्या शांतपणे म्हणाल्या. मला वाटलं होतं, भांडतील. ‘बऱ्याच खिशांतून गेलाच आहे. उद्या भिंतीवरूनही जाईल. तुझे ते नवीन पडदे स्वस्त होतील, टिकतील, तेव्हा मीही घेईन. पण जाताना त्याच्यावर खोटा आळ नको. दिव्याने केलेलं पाप झडपांच्या माथी कशाला?’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निरोपाचं वाक्य मी खोडलं. कोणता पडदा कोणत्या कामाला बरा, ते सरळ लिहिलं. साहेबांनी ते तसंच छापायला पाठवलं. पुढेही मी तसंच लिहीत राहिले.

आता लग्न. गाणी कागदावर आली, पण गाणार कोण? म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, तरुण मुलींना एक ओळ येत नव्हती. सगळ्यांना दिसेल असा मोठा पडदा हवा. डीजेवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘मिस, टेन्शन नका घेऊ. एलईडी वॉल आणतो.’ पण वाडीच्या बोळात टेम्पोच शिरेना. ‘मग मोठा टीव्ही आणतो, झकास एकदम.’

मिस मला म्हणाल्या, ‘तुमच्या गोदामात दिवा गेलेले मोठे फलक असतील?’

होते. भंगारात निघालेला एक मी परवानगीने आणला. मिसनी तो सोलला आणि अंगणात उन्हात उभा करून पाहिला. अक्षरं दुरून वाचता येत होती. आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात पडद्याच्या मधोमध शाई सांडावी तसा काळा डाग आला आणि पसरत गेला.

‘गेला!’ डीजेवाला खूश होऊन म्हणाला.

‘ताप आलाय त्याला,’ मिस म्हणाल्या. ‘क्रिस्टल तापलं की सैल पडतं.’ पडदा सावलीत नेला. बघता बघता डाग आकसला आणि नाहीसा झाला. मग पडद्यामागे दोन टेबलफॅन लावले. पुन्हा डाग आला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मंडप होता. मिसनी त्याच्या पश्चिमेच्या कापडात खिडकी कापून तिथे पडदा बसवला होता. पलीकडे ऊन, अलीकडे सावलीत बायका. त्याच्या शेजारीच डीजेवाल्याने आपला टीव्ही ठेवला होता. पण मंडपाच्या तोंडातून उजेड असा येत होता की टीव्हीत बायकांना स्वतःचेच चेहरे आणि पताका दिसत होत्या. फिलू मावशी त्यात बघून लुगडं नीट करत होत्या.

बॅंडवाल्यांना उशीर झाला. मिस अस्वस्थ होत्या. मी म्हटलं, ‘येतील ना.’

‘ते येतील गं. तो बघ.’

वाडीच्या पश्चिमेला नवा टॉवर उभा राहत होता. त्याची सावली शेजारच्या कौलांवरून आमच्याकडे सरकत होती. मिसनी बॅंडची वाट पाहायची नाही असं ठरवलं. मंडपाच्या मधोमध उभ्या राहून त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, ‘चला! वाचा!’

पडद्यावर अक्षरं उमटली, लख्ख उन्हावर काळीभोर.

विहिरीच्या वाटेला कोन गो आली,
नवरी आमची पान्याला गेली.

आधी फिलू मावशींनी सुरू केलं. माझगावच्या बाईंनी ओळखीच्या ओळीला साथ दिली, पुढची ओळ त्यांना नवी होती, ती वडाळ्याच्या बाईंची. त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. अर्धं अर्धं सांभाळलेलं गाणं पहिल्यांदाच सगळ्याजणींच्या तोंडी पुरं होत होतं. मग तरुण मुली शिरल्या. रीटा स्वतःच्याच लग्नाचं गाणं गात होती, तिच्या गालावर हळद आणि पाणी एक झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा एकदा. डीजेवाला ताल धरून गाऊ लागला. बॅंडवाले आले आणि न विचारता वाजवायला लागले.

आणि टॉवरची सावली पोचली. पडदा खालून वर विझत गेला. आधी शेवटची ओळ गेली, मग मधल्या, मग सगळंच. मी धावले. ‘मिस, हॅलोजन आणू? मागे धरते.’

मिसनी माझा हात धरून मला थांबवलं. ‘ऐक.’

पडदा पूर्ण काळा होता आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. एक शब्द अडला नव्हता. कळश्या उचलल्या गेल्या, फिलू मावशी पुढे, रीटा मधे, आणि अख्खं गाणं बॅंडसकट मंडपातून बाहेर पडून बोळात शिरलं. दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांत माणसं आली. एका खिडकीतून कुणीतरी पुढचं कडवं म्हणू लागलं.

‘पाठ झालं त्यांना,’ मिस म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला. ‘पंखे बंद कर आणि ये लवकर. विहिरीपर्यंत तीन गाणी व्हायची आहेत.’

मी पंखे बंद केले तोवर त्या कोपऱ्यावर पोचल्याही होत्या आणि सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज लागला होता.